शाळा परवा आहे, घाई कसली?

जून लागला म्हणून लगेच धास्ती घ्यायचं कारण नाही. शाळा १५-१६ तारखेच्या सुमारास उघडते हे आपल्याला दरवर्षी १४ तारखेच्या रात्री समजतं; ही परंपरा मोडू नका. काही अतिउत्साही पालक आठवडाभर आधीपासून मुलांना रोज थोडं थोडं लवकर झोपवतात. त्यांच्यापासून चार हात लांब राहा. (त्यांची पोरं पहिल्या दिवशी हसतमुखानं बसमध्ये चढतात. बघवत नाही.) विदर्भात उन्हामुळे शाळा आठवडाभर उशिरा उघडतात. तेव्हा १४ तारखेलाच मुलाला नागपूरच्या मावसभावाशी व्हिडिओ कॉल लावून द्या, म्हणजे अन्याय म्हणजे काय ते त्याला लहानपणीच कळेल.

झोपेच्या बाबतीत तर सरकारच आपल्या पाठीशी आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असा आदेश २०२४ मध्ये निघाला, मुलांची झोप पूर्ण व्हावी म्हणून. तुमच्या शाळेनं तो पाळला असेल तर सकाळचा वाचलेला वेळ रात्रीच्या मोबाइलला जोडून द्या. हिशेब बरोबर राहतो.

सुट्टीचा अभ्यास शेवटच्या रात्रीच काढावा. रोज एक पान शुद्धलेखन असं बाईंनी सांगितलेलं असतं, ते बाईंचं कामच आहे. आईनं चित्रं रंगवावीत, आजोबांनी पाढे लिहावेत आणि शुद्धलेखन बाबांनी डाव्या हातानं. अक्षर इतकं हुबेहूब जुळतं की बाईंना शंका येत नाही. आली तरी त्या बोलत नाहीत, त्यांच्याही घरी मुलं आहेत.

यानंतर, म्हणजे साधारण साडेदहाला, वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायला बसा. खाकी कागद आणलेला नसणं हे गृहीतच आहे. कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला अर्धं शटर ओढून बसलेला असतो. तो म्हणतो, ‘रोल संपला, तयार प्लास्टिकची आहेत.’ ती घ्या. वहीला ढगळ होतात आणि बालभारतीच्या पुस्तकाला बोटभर आखूड पडतात. मग आंब्याच्या पेटीतला कागद काढा, त्याला वासही छान असतो. कात्री सापडणार नाही, सुरीनं कापा. सेलोटेपचं टोक नखानं शोधत पूर्ण रोल फिरवा. सापडलं की ते उभं चिरत जातं. गणिताच्या पुस्तकाला कव्हर उलटं बसल्याचं लेबल चिकटवून झाल्यावरच लक्षात आलं पाहिजे, नाहीतर मजा नाही. या सगळ्यात ज्याची शाळा आहे तो सोफ्यावर गाढ झोपलेला असतो. त्याला उठवून ‘तुला काही पडलीये का?’ असं जरूर विचारा.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावं, असं केंद्राचं २०२० चं धोरण सांगतं. म्हणजे वीस किलोच्या पोराला दोन किलो. त्यात लिटरभर पाण्याची स्टीलची बाटली टाकलीत की किलोच्या वर तिथंच गेलं. उरलेल्यात सहा पुस्तकं, तेवढ्याच वह्या, डबा आणि दप्तर स्वतः. मध्यंतरी पाठ्यपुस्तकातच कोरी पानं घालून वह्या वाचवायचा प्रयोग झाला होता, वह्या आल्याच. तेव्हा काटा माळ्यावर टाका आणि ‘आम्ही तर चालत जायचो’ हे वाक्य तयार ठेवा.

रेनकोट मागच्या वर्षीचाच चालेल. गुडघ्यापर्यंतच येतो, पण पाऊस वरूनच पडतो ना?

हे सगळं झाल्यावर झोपण्याआधी पालकांच्या ग्रुपवर विचारा, ‘उद्या युनिफॉर्म कोणता, रोजचा की पीटीचा?’ रात्री बारापर्यंत अंगठे, हात जोडलेले आणि ‘सेम डाउट’ येत राहतील. एक काका सुप्रभातचा गुलाब टाकतील. उत्तर शाळेच्या सूचनापत्रकात असतं, आणि ते पत्रक आता हिंदीच्या पुस्तकाच्या कव्हराखाली गेलंय. काढायला जाऊ नका. सेलोटेप संपलाय.