टीचर अजून प्रभारीच

"म्हणजे टीचर अजून प्रभारीच?" नानाने वडापावचा कागद उलगडत विचारलं आणि चर्चमधली रविवारची मिस्सा सुटल्यावरचं आमचं दुसरं प्रवचन सुरू झालं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांची मुख्याध्यापिकेची खुर्ची रिकामी आहे आणि एक टीचर तात्पुरता कारभार बघतात.

टोनी तयारच होता. कुवेतहून परत आल्यापासून त्याच्या तोंडी 'प्रोसेस' बसलंय. चर्चच्या सणाच्या, फेस्ताच्या मांडवाला बांबू कमी पडले तरी प्रोसेस. "हे बघा, हा ट्रान्झिशन पिरियड आहे. संस्थेची एक प्रोसेस असते. घाईत माणूस नेमला आणि चुकला तर?"

"घाई?" बाबू म्हणाला. बाबूची उभी हयात शाळांच्या ऑफिसात लिपिकी करण्यात गेली. मुख्याध्यापक आले नि गेले, कपाटाची किल्ली बाबूच्याच खिशात. "२०२५ च्या मे महिन्यात पोप निवडायला १३३ कार्डिनल आत जाऊन बसले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पांढरा धूर. अख्ख्या जगाला पोप मिळाला. आपल्या शाळेवर दोन पावसाळे नुसता काळाच धूर चाललाय."

"पण चर्चचाच नियम आहे," इनास मध्ये पडला. इनास फादर व्हायला सेमिनरीत जाऊन परत आलेला. का परत आला ते सगळ्यांना माहीत आहे, तिचं लग्न नंतर दुसऱ्याशीच झालं हेही. "गादी रिकामी असताना काही नवं करायचं नाही. चर्चच्या कायद्यातलं कॅनन ४२८."

"ते बिशपच्या गादीचं," बाबू म्हणाला. "आणि तिथे मधल्या काळात कोण बघतं?"

"प्रशासक. आठ दिवसांत निवडावा लागतो."

"अधिकार किती त्याला?"

इनास जरा अडखळला. "तसे बिशपचेच. काही गोष्टी वगळून."

"हां! म्हणजे रोमने तात्पुरत्या माणसाच्या हातातही कारभार दिला. आपल्या टीचरच्या हातात काय दिलंय? घंटा!"

"घंटा शिपाई देतो," नाना म्हणाला.

इथे मलाही तोंड घालावंसं वाटलं, कारण मी स्वतः बघून आलो होतो. भाच्याच्या दाखल्यासाठी गेलो तर दारावर अजून सिस्टरांच्याच नावाची पाटी. आत मोठ्या खुर्चीच्या पाठीवर सिस्टरांचा पांढरा टॉवेल तसाच घडी घातलेला, आणि टीचर टेबलाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. दाखल्यावर सही त्यांची, शिक्का 'प्रभारी मुख्याध्यापिका'. मी म्हटलं, तिकडे बसा की. तर म्हणाल्या, "नको, उगाच कोणी बघितलं तर चर्चा होते." शेजारच्या कॉम्प्युटर रूमवर निळी ताडपत्री. छपराच्या कामाची फाइल वर पाठवली होती, ती शेरा मारून परत आली: 'नवीन मुख्याध्यापक आल्यावर विचार करावा.'

"आणि पगारबिलं?" बाबूने मला विचारलं, उत्तर त्याला माहीत असून. "शालार्थवर, त्या पगाराच्या सरकारी पोर्टलवर, बिल कोण टाकतं? सहीच्या अधिकाराची मुदत संपली की पालघरला शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात खेटे कोण घालतं? २०१४ ला जिल्हा झाला तेव्हा म्हणाले, ठाण्याची फेरी वाचली. कसली वाचते! एक तारखेला पगार नाही झाला तर स्टाफ टीचरच्या अंगावर, वर्गात पाणी आलं तर पालक टीचरच्या अंगावर. छपराला पत्रा टाकायचा म्हटलं की मात्र टीचर प्रभारी."

"मग जा म्हणावं कोर्टात," नाना म्हणाला. "सगळ्यांत सीनियर त्याच ना?"

"तो नियम बाकीच्या शाळांना," बाबू म्हणाला. "१९७७ च्या खाजगी शाळांच्या कायद्याने अल्पसंख्याक संस्थेला मुख्याध्यापक आपल्या पसंतीचा घेता येतो. ज्येष्ठता आडवी येत नाही. वर आणखी तिघांची नावं कळवून त्यांनाही त्या कायद्याबाहेर ठेवता येतं. सुप्रीम कोर्टानेही हा हक्क उचलून धरलाय, घटनेचं कलम ३० आहे पाठीशी."

टोनीची छाती फुगली. "बघा! आपला हक्क आहे."

"आहे ना. निवडायचा आहे. लोंबकळत ठेवायचा नाही."

टोनी दोन घोट चहा प्यायला. मग म्हणाला, "मला टीचरबद्दल काही नाही. पण सिस्टर ती सिस्टर. शिस्त असते. पालकांना आवडतं. कॉन्व्हेंट म्हटलं की सिस्टर पाहिजे."

"शिस्त मला सांगू नको," नाना कळवळला. नाना सामवेदी ब्राह्मण, पण आमच्यापेक्षा जास्त वेळा सिस्टरांसमोर गुडघ्यांवर उभा राहिलेला. "व्हरांड्यात उभं केलं होतं. फुटबॉल ह्या टोनीने मारला, काच फुटली, नाव माझं."

"बॉल तू पास दिला होतास!"

"म्हणून मी गुन्हेगार?"

हे प्रकरण दर दोन-तीन रविवारी वर येतं. बाबूने ते हाताने झटकलं. "सिस्टर आणायच्या कुठून ते सांग, टोनी. कॉन्व्हेंटमध्ये आहेत त्या म्हाताऱ्या झाल्या, नवीन येत नाहीत. आपल्याकडे प्रत्येकाला शाळेत सिस्टर पाहिजे, घरात नको. तुझी पोरगी कुठे आहे?"

"टोरंटोला," टोनी हळूच म्हणाला. "आयटीत."

"माझीही मेलबर्नला. मी तुला बोल लावत नाही. पण मग वर्गावर उभं राहून जिचे केस पांढरे झाले तिला द्या की खुर्ची. अठ्ठावन्नला रिटायर होईल. तोपर्यंत प्रभारीच ठेवायची आणि निरोपाला शाल द्यायची, हाच बेत दिसतोय."

कोणी काही बोललं नाही. इनासने पुढच्या रविवारी पालकांच्या सह्या गोळा करून फादरना भेटायची कल्पना काढली. बाबू म्हणाला, अर्ज मी लिहितो, तू लिहिलास तर लॅटिनमध्ये होईल.

टोनी मात्र हरायला तयार नव्हता. "पण तात्पुरतं म्हणजे वाईटच असं नाही ना. तात्पुरता माणूससुद्धा जबाबदारीने काम करू शकतो."

"शंभर टक्के," बाबू म्हणाला. "तूच बघ. फेस्ताच्या कमिटीचा हंगामी खजिनदार कोण?"

नानाचा चहा नाकातून आला.

"पुढचा खजिनदार मिळेपर्यंत म्हणून घेतलं होतंस. तेव्हा तुझी पोरगी बालवाडीत होती."

"कोणी पुढे येत नाही त्याला मी काय करू?"

"आणि बँडवाल्यांचा हिशेब?"

"हिशेब तयार आहे," टोनी लालेलाल. "फक्त एक सही राहिलीय."

"कोणाची?"

"खजिनदाराची."