पूल असताना पोहायचं कशाला?

सायकल ठेवून धावायला लागतोय तोच रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या रस्त्यावर एक स्कूटर शेजारी आली आणि माझ्याच वेगानं चालू लागली. स्कूटरला इतकं हळू चालवता येतं हे मला आजच कळलं. हुकाला बांगडा माशांची पिशवी, डोक्याला कानटोपी.

"मघाशी सायकल होती ना तुमची? पंक्चर झाली?"

"नाही काका. ट्रायथलॉनचा सराव. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं."

"एकाच दिवशी?"

"लागोपाठ."

काका विचारात पडले. स्कूटरही पडता पडता राहिली. "पण खाडीवर पूल असताना पोहायचं कशाला?"

मी धापा टाकत होतो, ते एका अर्थी बरंच होतं.

"बरं, ते जाऊ दे. सायकल असताना धावायचं कशाला? बक्षीस किती?"

"उलट आपणच फी भरायची."

आता काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "घरी माहीत आहे?"

एवढ्यावर सुटका झाली असती तरी चाललं असतं. पण जाता जाता हॉर्न वाजवून ओरडले, "ढांगा लांब टाका हो! नव्या नवरीसारखी पावलं कसली टाकताय!" आणि माझ्या तोंडावर धूर सोडून गेले.

पूल, फी, घर, सगळं माफ. ढांगांचं मात्र नाही. कारण नवशिक्याला फुकटात मिळणारा हा सल्ला नेमका उलटा आहे. ढांग लांबवली की पाऊल शरीराच्या पुढे, ताठ गुडघ्यावर पडतं आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो. मार गुडघ्याला बसतो, दम वाया जातो. पाऊल कमरेच्या जवळजवळ खाली पडायला हवं. त्याचा सोपा उपाय म्हणजे पावलं आखूड आणि भराभर. ३० सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजा, चारनं गुणा, ही झाली मिनिटाची पावलं. १५६ आले तर पाच टक्के वाढवून १६४ करा, बस. थेट ते प्रसिद्ध १८० गाठायला जाऊ नका. तो आकडा जॅक डॅनियल्स (भलतं मनात आणू नका, हे धावण्याचे प्रशिक्षक) यांनी १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अव्वल धावपटूंची पावलं मोजली, तिथून आला. ते धावपटू आपल्या दुप्पट वेगात होते.

त्यात सायकलवरून उतरलेले पाय आपले नसतातच. तासभर वाकून बसल्यानं मांडीच्या सांध्यापुढचे स्नायू आखडतात आणि माणूस कमरेतून मोडून धावतो. झुकायचं ते घोट्यातून, अगदी थोडं. नजर पंधरा-वीस मीटर पुढे, कोपर काटकोनात, हात छातीसमोर आडवे नाचवायचे नाहीत. सायकलच्या शेवटच्या किलोमीटरला गियर हलका करून मिनिटाला नव्वदेक फेरे मारले की पायांना भराभर पावलांची लय मिळते. आठवड्यातून एकदा पाऊण तास सायकल आणि लगेच दहा मिनिटं धावणं, एवढा सराव सुरुवातीला पुरे.

पण धावायचं कुठे? आमच्या रस्त्यांना फुटपाथ नाही, साइडपट्टी खचलेली. समोरून येणारं वाहन दिसावं म्हणून उजव्या कडेनं धावावं, तर डांबराचा उतार उजवीकडे, म्हणजे उजवा पाय कायम खाली आणि कंबर तिरकी. महिन्यानं गुडघ्याची बाहेरची बाजू बोलायला लागते. मग डॉक्टर सांगतात, धावणं बंद करा. रस्ता सरळ करा असं कोणी कोणाला सांगत नाही.

राहिली पुळण. कोरड्या वाळूत कठीण जमिनीच्या दीडपटीहून जास्त शक्ती जाते आणि पोटऱ्या भरून येतात. नवशिक्यानं तिथे जाऊच नये. ओहोटीची ओली, कडक वाळू उत्तम, पण तीही समुद्राकडे उतरती. म्हणून जितकं जायचं तितकंच परत यायचं, म्हणजे दोन्ही पायांना सारखा त्रास. अनवाणी धावायची हौस असेल तर आधी पाच मिनिटंच, आणि काचा बघून. पर्यटक जाताना त्याही ठेवून जातात.

शिवाय ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. या सोमवारी सकाळी सहाला मिळालेली कडक वाळू पुढच्या सोमवारी सहाला पाण्याखाली असते. ऑफिस मात्र दोन्ही सोमवारी दहालाच.