रेझ्युमे राहू दे, आधी रेघा मारा

नोकरी शोधताय ना? मग पहिली गोष्ट म्हणजे वर्ड उघडा आणि नाव, फोन नंबर, ईमेल एवढंच टाइप करून थांबा. आता खाली एक रेघ हवी. शिक्षण, अनुभव वगैरे नंतर बघू, ते काय पळून जातंय, आणि तसंही अनुभवाच्या रकान्यात लिहायला काय आहे हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही, त्यामुळे रेघेवरच फोकस करा.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे तीन हायफन टाइप करायचे आणि एंटर मारायचा, की वर्ड आपोआप या मार्जिनपासून त्या मार्जिनपर्यंत बारीक रेघ ओढून देतं. तीन बरोबरची चिन्हं टाकली तर डबल रेघ, तीन स्टार टाकले तर ठिपक्यांची, आणि तीन हॅश टाकले तर मधे जाड आणि वरखाली बारीक अशी तिहेरी. ज्याला अनुभव कमी त्याने तिहेरी घ्यावी, तेवढीच जागा भरते.

आता मजा अशी की ही रेघ म्हणजे रेघ नसतेच, ती वरच्या परिच्छेदाची खालची बॉर्डर असते, म्हणून ती माउसने सिलेक्ट होत नाही आणि डिलीट दाबून जात नाही, आणि नावाच्या ओळीच्या शेवटी जाऊन एंटर मारला की ती बया तुमच्याबरोबर खाली सरकते, परत एंटर मारा, परत सरकते. तुम्ही पत्ता लिहा, ती पत्त्याखाली, तुम्ही शिक्षण लिहा, ती शिक्षणाखाली. खरं तर त्या परिच्छेदात कर्सर ठेवून होम टॅबमधल्या बॉर्डर्समध्ये नो बॉर्डर केलं की दोन सेकंदात विषय संपतो, पण असं काही करू नका प्लीज. अख्खी फाइल बंद करा, सेव्ह करू का विचारलं तर नाही म्हणा आणि पहिल्यापासून सुरू करा. चिकाटी हा गुण स्किल्समध्ये टाकायचाय ना, मग तो आधी कमवायला नको का?

ज्यांना आयतं आवडत नाही त्यांनी अंडरस्कोर (_) दाबून धरावा, ओळ भरेपर्यंत. एंटर मारल्यावर वर्ड आगाऊपणा करून त्याची जाड रेघ करून टाकेल, लगेच कंट्रोल झेड मारा म्हणजे तुमचे कष्टाचे अंडरस्कोर तुम्हाला परत मिळतील. मग फॉन्ट बदला. फॉन्ट बदलला की ओळीत मावणारे अंडरस्कोर मावेनासे होतात आणि उरलेले तीनचार पुढच्या ओळीत जाऊन बसतात, ते खुडत बसा, मग साइज कमी केली की रेघ आखूड पडते, परत भरत बसा, कसा वेळ जातो कळत नाही.

आणि कलाकार मंडळींसाठी आहे इन्सर्ट मेनूतलं शेप्स. तिथून लाइन उचलायची आणि ओढायची. शिफ्ट दाबून ओढली तर सरळ येते म्हणतात, तुम्ही दाबू नका, किंचित तिरकी रेघ असली की माणूस चौकटीबाहेरचा विचार करतो असं वाटतं. ही रेघ कुठल्या तरी परिच्छेदाला अँकर म्हणजे बांधलेली असते, तो परिच्छेद उडवला की रेघही उडते, आणि त्या परिच्छेदाच्या आणि रेघेच्या मधे दोन ओळी वाढवल्या की रेघ बरोब्बर तुमच्या डिग्रीच्या नावावरून जाते. खोडल्यासारखी दिसते डिग्री, पण मार्क बघता ते बरंच नाही का.

जाडीबद्दल मात्र तडजोड नको. बॉर्डर्सच्या यादीत पाव पॉइंटापासून ६ पॉइंटापर्यंत जाडी मिळते आणि समंजस लोक अर्ध्या पॉइंटावर थांबतात, म्हणून तर त्यांचे रेझ्युमे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. ६ पॉइंट म्हणजे साधारण २ मिलिमीटर, प्रत्येक हेडिंगखाली एक आणि वर एक टाकली की एका पानाचा मजकूर आरामात दुसऱ्या पानावर जातो. रिकाम्या दुसऱ्या पानावर फक्त एक रेघ उरली तर तिला हात लावू नका, तिला भविष्यातला अनुभव समजा.

आता काही शहाणे म्हणतील की मोठ्या कंपन्यांत रेझ्युमे आधी माणूस बघतच नाही, सॉफ्टवेअर त्यातला मजकूर काढून घेतं, त्याला तुमची बॉर्डर आणि शेप काही दिसत नाही, आणि टेक्स्ट बॉक्समधे ठेवलेली माहिती तर कित्येकदा सुटूनच जाते. म्हणजे एवढी नाजूक रेघ, तिची रात्रभर मापं काढलेली, आणि त्या यंत्राच्या लेखी ती नाहीच! अंडरस्कोरवाल्यांचं मात्र कौतुक आहे हां, त्यांचे अंडरस्कोर अक्षरं असल्यामुळे मजकूर म्हणून पोचतात. त्यामुळे एकूण मजकुरात त्यांचीच संख्या जास्त निघाली तर नवल वाटून घेऊ नका.

पाठवताना पीडीएफ करायचं नाही. पीडीएफमधे सगळं जागच्या जागी राहतं, त्यात काय थ्रिल. वर्डचीच फाइल पाठवा, म्हणजे समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की ओळी तुटतील, रेघा आपापल्या वाटेने जातील आणि त्यालाही जरा काम मिळेल. फोन नाहीच आला तर प्रोजेक्टमधे नक्की काय केलं ते लिहायच्या भानगडीत पडू नका, अजून नागमोडी रेघ बाकी आहे, टिल्ड (~) तीनदा आणि एंटर.