तीन फुटी सळई म्हणजे अर्थिंग नव्हे

‘परसातल्या शेडला लाइट घ्या, इलेक्ट्रिशियनचे पैसे वाचवा’ हा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर फिरतोय. काल तो भाच्याने पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, सळई केवढी आणू?” सळई राहू दे, आधी हे वाच.

मेसेज म्हणतो: घरातून फेज आणि न्यूट्रल दोनच वायरी न्या, शेडजवळ तीन फुटी सळई ठोका, तीच अर्थ (गळलेली वीज जमिनीत नेणारी जोडणी). अर्थ झाली की आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) नको. एमसीबी (करंट जादा झाला की बंद पडणारा स्विच) पडत असेल तर 32 अँपियरचा घाला. आणि गृहज्योती (कर्नाटकची मोफत घरगुती विजेची योजना) आहे, म्हणजे वेल्डिंगही फुकट.

सळईचंच बघू, कारण माणूस मरतो तो इथे. अर्थिंगच्या भारतीय मानकात, आयएस 3043 मध्ये, इलेक्ट्रोडचा, म्हणजे जमिनीत गाडलेल्या सळईचा किंवा पाइपचा, रोध (विजेला होणारा अडथळा) काढायचं सूत्र आहे. बऱ्यापैकी ओलसर माती, 100 ओहम-मीटरची, धरली तरी 12 मिमीच्या तीन फुटी सळईचा रोध शंभर ओहमच्या घरात येतो. खानापूरकडच्या जांभ्यात मे महिन्यात काय होत असेल ते सांगायला नको. काळ्या मातीत आकडा कमी येतो, पण उन्हाळ्यात भेगा पडल्या की माती सळईला सोडते.

आता समजा, शेडमधल्या कंप्रेसरच्या मोटरची फेज बॉडीला लागली. 230 व्होल्ट भागिले शंभर ओहम, म्हणजे जमिनीत जाणार जेमतेम सव्वादोन अँपियर. 16 अँपियरचा सी टाइप (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा) एमसीबी झटक्यात पडायला 80 ते 160 अँपियर लागतात. तो ढिम्म हलणार नाही. बॉडीवर सव्वादोनशे व्होल्ट तसेच राहतील आणि ओल्या फरशीवर उभा असलेला माणूस त्याला हात लावेल.

म्हणजे आरसीसीबीबद्दल मेसेज बरोबर उलटं सांगतोय. अर्थ जितका कच्चा, तितकी त्याची गरज जास्त. 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी त्या सव्वादोन अँपियरवर, अगदी भिकार सळई असली तरी, लगेच पडला असता. मात्र शेडमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधू नका. तसं केलं की तो सारखा पडतो, आणि मग कोणीतरी शहाणा त्यालाच बायपास करतो.

शेडजवळ अर्थ असावा, एवढं खरं. पण तो घरून आलेल्या तिसऱ्या, अर्थच्या वायरीला जोडून, तिच्या जागी नव्हे. आणि सळई नको, 40 मिमीचा अडीच मीटर जीआय पाइप घाला.

32 च्या एमसीबीचं काय? एमसीबी मशीनसाठी नसतो, वायरीसाठी असतो. 32 चा एमसीबी 46 अँपियरवर पडायला तासभरही घेऊ शकतो, तोवर अडीच चौरस मिमीची वायर भाजून निघते. कंप्रेसर सुरू होतानाच पडत असेल तर बी टाइप (कमी झटक्यातच पडणारा) बसवलाय का बघा, त्याच अँपियरचा सी टाइप लावा. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही? मग वायर बारीक असू शकते. दीड चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत 40 मीटरवर, सुरुवातीच्या 50 अँपियरला 48 व्होल्ट वाटेतच जातात. 6 चौरस मिमीत बारा.

छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन अडीच मिमीच्या रॉडवर 16 अँपियरच्या प्लगवर चालतं, हे नाइलाजाने कबूल. सव्वातीनचा रॉड लावलात की प्लग तापतो.

गृहज्योती घरगुती वापरासाठी आहे, आणि महिन्याला 200 युनिटच्या वर गेलात की अख्खं बिल तुमचंच. घरच्या मीटरवर गिऱ्हाइकांची गेटं वेल्ड करत असाल तर विद्युत कायदा 2003 चं कलम 126 वाचा: अनधिकृत वापराला दुप्पट दराने आकारणी. मंजूर भार हेस्कॉमकडून (आपली वीज कंपनी) आधी वाढवून घ्या.

तर भाच्या, यादी अशी: 6 चौरस मिमीची तीन कोअर तांब्याची आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल 40 मीटर, अडीच फूट खोल चर, केबलखाली-वर वाळू आणि त्यावर विटा. घराकडे 32 चा सी टाइप डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी; 6 च्या वायरीला तो चालतो. शेडमध्ये 40 अँपियर, 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी, त्यापुढे वेल्डिंगला 20 चा, कंप्रेसरला 16 चा आणि लाइटला 6 चा एमसीबी. जोडणी लायसन्सवाल्याकडून. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाब.