काळ्या जमिनीतले दोन खड्डे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

दोन शोषखड्ड्यांच्या संडासावर मी लिहिलं होतं (एक खड्डा वापरायचा, तो भरला की दुसरा; पाणी जमिनीत जिरतं आणि बंद ठेवलेल्या खड्ड्यातल्या मैल्याचं खत होतं), त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : दोन खड्डे ही गरिबाच्या माथी मारलेली स्वस्तातली सोय आहे, तुमच्या गावच्या काळ्या जमिनीत ते पहिल्याच पावसाळ्यात तुंबले, शेवटी सेप्टिक टँक बांधला, आता पंधरा वर्षं बघायला नको, आणि ‘खत काढायचं लिहायला सोपं आहे, एकदा स्वतः काढून बघा.’

काळ्या जमिनीबद्दल कान पकडतो. ‘कुठल्याही जमिनीत चालतात’ हे वाक्य मी लिहायला नको होतं, ते काढून टाकलंय. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून अशी मिटते की पाणी जिरायला वाटच राहत नाही. तिथे खड्डा मोठा घ्यावा लागतो, भोवतीने फूटभर वाळू भरावी लागते आणि खड्ड्याचं तोंड जमिनीच्या वर उचलावं लागतं, म्हणजे अंगणातलं पाणी आत शिरत नाही. सीटही बघून घ्यावी लागते. साध्या सीटला बादलीभर पाणी ओतावं लागतं, जास्त उताराच्या ग्रामीण सीटला दीड-दोन लिटर पुरतं. माझा सगळा अनुभव मुरमाड जमिनीतला, तोच मी सगळीकडे लावला.

पण पहिल्याच पावसात तुंबले म्हणता, तेव्हा मला वेगळीच शंका येते. गेल्या वर्षी एका गावात हीच तक्रार होती. संडासाचं पाणी एका वेळी एकाच खड्ड्याकडे वळवणारा चेंबर असतो, पहारीने त्याचा ढापा उचकटला, तर आत दोन्ही पाइपांची तोंडं उघडी. एकात वीट बसवून ते लिंपून टाकायचं असतं. ती वीट तिथेच कोपऱ्यात पडलेली. म्हणजे दोन्ही खड्डे एकदमच भरत होते. खड्ड्यात डोकावलो तर आतून गुळगुळीत प्लास्टर, तळाला कोबा. घरमालक कौतुकाने म्हणाले, “पक्कं काम करून घेतलंय.” गवंड्यानेही मन लावूनच केलं होतं बिचाऱ्याने! शोषखड्ड्याच्या विटा फटी ठेवून रचायच्या असतात आणि तळ मातीचाच ठेवायचा असतो. प्लास्टर केलं की त्याचा हौद होतो, आणि पाच माणसांच्या घरात असा हौद भरायला महिनाही लागत नाही.

आता तुमचा सेप्टिक टँक. टाकी एकदा भरली की रोज जितकं पाणी आत जातं, तितकंच बाहेर पडतं. ते कुठे जातं? टाकीपुढेही शोषखड्डा लागतोच. जी जमीन खड्ड्यांचं पाणी पीत नाही, ती टाकीचं कशी पिणार? मी पाहिलेल्या बहुतेक घरांत तो पाइप सरळ गटारात सोडलेला होता. म्हणजे आपला संडास स्वच्छ, आणि खालच्या आळीतली पोरं त्या पाण्यातून शाळेला जातात.

पंधरा वर्षांचंही तसंच. टाकीतला गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो. नाही उपसला, तर गाळच पाण्याबरोबर बाहेर पडू लागतो आणि आपल्याला वाटतं, टाकी भरतच नाही. मग एक दिवस ती तुंबते, मैला उपसायची गाडी बोळात शिरत नाही आणि कुणाला तरी आत उतरवलं जातं. कुणाला, ते तुम्हालाही ठाऊक आहे. संरक्षक साधनांशिवाय असं उतरवायला 2013च्या कायद्याने मनाई आहे, तरी टाकीत गुदमरून मेल्याच्या बातम्या येतातच. दोन खड्ड्यांचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा हाच : ओल्या मैल्याला कुणालाच हात लावावा लागत नाही.

राहिलं खत. फेब्रुवारी 2017मध्ये तेलंगणातल्या वरंगळ जिल्ह्यात, गंगादेवीपल्लीला, केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः असा खड्डा उपसायला उतरले होते. साहेबांच्या फोटोंवर तुमचा विश्वास नसेल तर नसू दे, माझाही फारसा नसतो. म्हणून मामाकडचा खड्डा मी उपसला. दोन वर्षं बंद होता. आत काळसर, भुसभुशीत, वास अजिबात नाही. तरी पहिलं घमेलं भरताना हात थबकलाच. मामी ओसरीवरून बघत होती. अंघोळ केल्याशिवाय तिने चहा दिला नाही. खत आंब्याच्या आळ्यात घातलं. त्या झाडाचे आंबे मामी खाते, पण विषय काढू देत नाही.

मात्र खड्डा ओला लागला तर हात लावायचा नाही, ढापा परत ठेवायचा. जंतांची अंडी लवकर मरत नाहीत. दोन खड्ड्यांत मीटरभर अंतर नसेल तर चालू खड्ड्याचं पाणी बंद खड्ड्यात झिरपत राहतं आणि तो कधी वाळतच नाही.

तुमचे जुने खड्डे बुजवले नसतील तर एवढं बघून कळवा : आत प्लास्टर आहे का, दोन्हींत अंतर किती, विहीर किंवा बोअर किती लांब, आणि टाकीचा बाहेरचा पाइप कुठे सोडलाय. प्लास्टर नसेल आणि विहीर लांब असेल, तर खड्ड्यांची तोंडं उंच करून, भोवतीने वाळू भरून टाकीचं पाणी त्याच खड्ड्यांत सोडता येतं का ते बघू. फोटो टाकलात तर बरं होईल.