परदेशातून : टर्फ अंथरण्याआधी निचरा बघा

विद्यापीठाचं गवताचं मैदान उखडून कृत्रिम टर्फ टाकायचं ठरलं, की आपल्याकडे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: परदेशात सगळीकडे टर्फच आहे. इथे उत्तर युरोपात ते भरपूर आहे, हे खरं. पण नोव्हेंबर ते मार्च इथे गवताची वाढ जवळपास थांबते आणि उखडलेली जागा वसंतापर्यंत भरून येत नाही, म्हणून ते आलं. आपली हरळी २५ ते ३५ अंशांत जोमाने पसरते. आपलं दुखणं वेगळं आहे: पावसात पाणी तुंबतं आणि पुढे वर्षभर माती घट्ट होत जाते.

त्यावर इलाज आहे. हरळी वाढीला लागली की पोकळ दातांच्या यंत्राने ८-१० सेंटीमीटर खोल भोकं पाडायची, निघालेली माती उचलायची आणि वर ५ मिलिमीटर चाळलेली वाळू पसरायची. १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानाला एका वेळी सुमारे ३६ घनमीटर वाळू लागते. काळी माती असेल तर एवढ्यावर भागत नाही. सच्छिद्र पाइप घातलेले चर हवेत. चर खणून वर पुन्हा तीच काळी माती लोटली, तर पाणी पाइपापर्यंत पोचतच नाही. पाइपाभोवती खडी हवी आणि त्या खडीवरची वाळू थेट पृष्ठभागापर्यंत आली पाहिजे. नेमकी इथेच कामं फसतात.

आणि टर्फलाही हाच निचरा लागतो! पाया कच्चा राहिला की काळी माती फुगते-आकसते, पृष्ठभाग खचतो, सांधे उकलतात.

फुटबॉलच्या टर्फमध्ये वाळूबरोबर टायरच्या रबराचे दाणे भरतात, एका मैदानात शंभरेक टनांपर्यंत. नियमित ब्रश फिरवला नाही तर गोलपुढचे आणि पेनल्टीच्या जागेवरचे दाणे सरकतात, पाती आडवी पडतात आणि पडणाऱ्या खेळाडूचं डोकं जवळपास टर्फखालच्या कठीण थरावरच आपटतं. आपल्या मुसळधार पावसात हे दाणे गटारात जाणार. युरोपीय संघाने २०२३ च्या नियमानुसार ऑक्टोबर २०३१ पासून अशा दाण्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे. इथे जे बंद होतंय, ते आपण नव्याने का सुरू करायचं? शिवाय कडक उन्हात टर्फ ६० अंशांच्या वर तापतं. पाणी मारलं तरी थोड्याच वेळात पुन्हा चटके बसतात.

हॉकीची गोष्ट वेगळी. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून तो खेळ कृत्रिम पृष्ठभागावर गेला, त्यामुळे खेळाडू घडवायचे तर एक हॉकी टर्फ हवंच. त्यात रबराचे दाणेही नसतात.

बाकी मैदानांसाठी टर्फचाच हट्ट असेल, तर निविदेत तीन अटी घाला: रबराचे दाणे नकोत, ठरावीक काळाने आघातशोषणाची (पडल्यावरचा धक्का टर्फ किती शोषतं याची) चाचणी हवी आणि ८-१२ वर्षांनी टर्फ उखडून विल्हेवाट लावायचा खर्च आजच दाखवा. मग हाच आकडा निचरा केलेल्या गवताच्या मैदानाशेजारी ठेवून विद्यापीठाने निर्णय घ्यावा.