खुलासा: .२२३ आणि ५.५६ काडतुसं सरसकट अदलाबदलीची नाहीत

‘.२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो एकच, कुठल्याही रायफलीत काहीही चालतं’ हा अमेरिकी नेमबाजांमधला मेसेज फिरतोय. तो अर्धाच खरा आहे आणि चुकीचा अर्धा भाग धोक्याचा आहे. काडतुसांची बाहेरची मापं जवळपास सारखीच, फरक चेंबरचा, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेचा. ५.५६ च्या चेंबरमध्ये गोळीपासून बॅरलच्या आट्यांपर्यंत जास्त मोकळी जागा असते. .२२३ मध्ये ती कमी, त्यामुळे तिथे ५.५६ डागल्यास दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो: प्रायमर (काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) निसटतो, पुंगळी अडकते, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) लवकर झिजतो. ‘सामी’ या अमेरिकी मानक संस्थेच्या असुरक्षित जोड्यांच्या यादीत ही जोडी आहे. उलट, ५.५६ च्या चेंबरमध्ये .२२३ चालतं. कमाल दाबाचे .२२३ साठी ५५,००० आणि ५.५६ साठी ६२,००० पीएसआय (दाबाचं एकक) हे आकडे मात्र थेट ताडून पाहू नका, दाब मोजण्याची जागाच वेगळी आहे. चेंबर कोणता ते सांगणारा बॅरलवरचा शिक्का वाचा आणि तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.